ज्या सरकारास तुरुंग नव्हता

पहूर हे जामनेर तालुक्यातील वाघूर नदीकाठचे गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. अजिंठ्याची लेणी ज्या घळीत कोरली गेली त्याच घळीतून ही वाघूर उत्तरेकडे उतरते, आणि जळगावाहून लेणी पाहावयास निघालेला प्रवासी पहूरवरूनच पुढे जातो. आज त्यास वाटेत कोणी अडवीत नाही. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पहूरच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवर अलीकडचा मुलूख संपे आणि निजामाचा अंमल सुरू होई. फर्दापूर, अजिंठा ही गावे त्या अंमलाखालची. अलीकडचा फौजदार पलीकडे गेला की त्याची गणना सामान्य वाटसरूंत होई. अशा सीमेवर राहणाऱ्या माणसास ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ पुस्तकावाचून कळतो. ज्याचा शिपाई दाराशी येऊन मनगट धरून नेऊ शकतो ते सरकार. टपाल, शाळा, दवाखाना, सडक हे सारे त्याच्या मागून येते.

क्रांती करून नवे राज्य आणू पाहणाऱ्यांच्या वाट्याला पहिला प्रश्न येतो तो याच मनगटाचा. जुन्या सरकारची सत्ता नाकारली हे ठीक; पण मग चोरास कोणी धरावयाचे? आणि चोरास धरण्याचा अधिकार एकदा हाती आला म्हणजे विरोधकास धरण्याची इच्छा किती दूर असते? जगातील बहुतेक क्रांतिसरकारांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन रक्ताने माखला आहे. महाराष्ट्रातही हा प्रश्न एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. १९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले, आणि त्याने लोकांना शिक्षाही केल्या. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळे हा हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील भाग त्यात मोडे.

त्या प्रतिसरकारच्या शौर्याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटल्याची हकीकत तर मुलांनाही पाठ असते. शिक्षेच्या भागाकडे मात्र एक तर हसून पाहिले जाते किंवा काणाडोळा केला जातो. वस्तुतः ते सरकार कसे होते हे पाहावयाचे असेल तर तोच भाग पाहिला पाहिजे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पुढारी पकडले गेले. साताऱ्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे पडली. त्यानंतर जे भूमिगत झाले त्यांत तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरलेले येडेमच्छिंद्रचे नाना पाटील होते, किसन वीर होते, कुंडलचे जी. डी. लाड आणि वाळव्याचे नागनाथ नायकवडी हे तरुण होते. तारा तोडणे, चावड्या जाळणे हा क्रम काही महिने चालला. पुढे त्यांच्या ध्यानात एक अडचण आली. सारे पोलीस राजकीय माणसांच्या पाठीस लागल्यामुळे दरोडेखोरांना रान मोकळे झाले होते. ज्या डोंगरात आणि ज्या उसात भूमिगतांना आसरा, त्यातच दरोडेखोरांनाही. रात्री बंदूक घेऊन दाराशी उभा राहिलेला माणूस स्वराज्याचा की लुटारूंचा, हे घरातल्या बाईने अंधारात कसे ओळखावे? हा भेद लोकांना दिसावा एवढ्यासाठी तरी भूमिगतांना दरोडेखोरांचा बंदोबस्त हाती घेणे भाग पडले. प्रतिसरकारचा दंड येथून सुरू होतो. त्याचा पहिला घाव इंग्रजाच्या हस्तकावर पडण्याआधी गावच्या लुटारूवर पडला, आणि म्हणूनच लोकांनी तो मान्य केला.

लुटारू आवरले गेले तसे लोक आपले इतर तंटे घेऊन येऊ लागले. बांधाचा वाद, सावकाराने दडपलेली जमीन, टाकून दिलेली बायको, छळलेली सून. न्यायदान मंडळे बसू लागली. मामलेदार कचेरीत ज्या दाव्यास वर्षे लागत तो एका रात्रीत निकालात निघे. कर्ज काढून केलेल्या लग्नांऐवजी ‘गांधी विवाह’ अल्प खर्चात लागू लागले. तुफान सेना नावाचे दल उभारले गेले. कुंडल हे या साऱ्याचे एक मुख्य ठाणे होते, आणि त्यास एक कारण असे की कुंडल हे गाव इंग्रजी हद्दीत नसून औंध संस्थानात होते. पहूरकडच्या माणसास ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. हद्द ओलांडली की फौजदाराचा हात आखडतो. योगायोग असा की याच औंधाच्या राजाने १९३९ साली आपला अधिकार प्रजेच्या हाती देऊन ग्रामपंचायतींस न्यायाचे काम सोपविले होते, आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेल्या तुरुंगाची वसाहत वसविली होती. पुढे शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट तिच्यावरूनच सुचला.

प्रतिसरकारपाशी भिंतींचा तुरुंग नव्हता आणि बिनभिंतींचाही नव्हता. जे सरकार स्वतः रोज रात्री निराळ्या गावी मुक्काम करते त्याने कैदी कोठे ठेवावा? त्यास खाऊ काय घालावे? यामुळे शिक्षेचे जे मधले प्रकार स्थिर राज्यांस सुचतात, म्हणजे सहा महिने, दोन वर्षे, सक्तमजुरी, ते सारे प्रतिसरकारला बंद होते. त्याच्या हाती उरले तीन उपाय. दंड किंवा बहिष्कार हा एक, शरीरावरची मार हा दुसरा आणि गोळी हा तिसरा. दुसऱ्या प्रकारास लोकांनी ‘पत्री’ असे नाव दिले आणि त्यावरून सरकारचेच नाव पत्री सरकार पडले. ‘प्रति’ या अक्षरांचा अपभ्रंश होऊन ‘पत्री’ झाली असेही सांगतात. दोन्ही गोष्टी एकमेकींस पोषक झाल्या असाव्यात.

पत्री म्हणजे काय? अपराध्याचे पाय बांधून उघड्या तळव्यांवर काठीने मारीत. पुष्कळांची समजूत मात्र अशी की बैलाच्या खुरास मारतात तशी लोखंडी पत्री त्याच्या तळव्यास खिळ्यांनी ठोकीत. ही समजूत इंग्रज सरकारला हवी होती, कारण तीमुळे भूमिगतांचे क्रौर्य सिद्ध होई. आणि भूमिगतांनाही ती फारशी नको होती असे म्हणवत नाही, कारण एका गावी मारलेल्या काठीचा धाक तीमुळे दहा गावी बसे. पगारी पोलीस नसलेल्या राज्यास अफवा हा फार स्वस्त पोलीस असतो.

तथापि काठीची मारही थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. तळवे सुजलेला माणूस कित्येक दिवस नीट चालू शकत नाही. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचे असे दिवस गेले तर त्याच्या बायकामुलांचे वर्ष जाते. शिवाय लंगडत चालणाऱ्याचा अपराध साऱ्या गावास ठाऊक होतो. कोर्टाची शिक्षा भोगून आलेला मनुष्य परगावी जाऊन नाव बदलू शकतो. पत्री खाल्लेल्यास आपल्याच गल्लीतून चालावे लागे. दुसऱ्या बाजूने पाहता तो जिवंत असे, आपल्या घरी असे, आणि त्याची जमीन त्याच्याच नावावर असे. जुलमी सावकारास किंवा बायकोस छळणाऱ्या नवऱ्यास मिळालेली ही शिक्षा अनेकांना आजही न्याय्य वाटते.

गोळीची गोष्ट वेगळी. कित्येक दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे प्रतिसरकारच्या माणसांकडून मारले गेले. दरोडेखोराचे कृत्य उघड असते. खबऱ्याचे कृत्य कानात झालेले असते. बांधाचा तंटा दहा माणसांसमक्ष चाले, साक्षी पडत, दोन्ही बाजू बोलत. फितुरीचा संशय मात्र त्याच्या स्वभावामुळेच चारचौघांत मांडता येत नाही. ज्याने सांगितले त्याचे नाव झाकावे लागते, ज्याच्यावर संशय आहे त्यास आधी कळू देता येत नाही, आणि निकाल लागला की त्यावर अपील नसते. त्यातून हा देश भाऊबंदकीचा. चुलत्याने पुतण्यास खबऱ्या ठरवावे यास जमिनीचा एक तुकडाही पुरतो. इंग्रजांशी झुंजणाऱ्या दलास फितुरीची उपेक्षा करता आली नसती हे खरे. एका खबरीने सहा माणसे फासावर जाऊ शकत होती. पण संशयावरून दिलेल्या मरणाची दुरुस्ती करता येत नाही, ही अडचण त्या खऱ्यानेही दूर होत नाही.

या ठिकाणी फ्रान्सकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७९२ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या जमावाने तुरुंगांत शिरून हजारावर कैद्यांची कत्तल केली. पुढच्या मार्चमध्ये क्रांतीचे खास न्यायासन स्थापन झाले, त्या वेळी दांतोंचा युक्तिवाद असा होता की शासनाने भयंकर व्हावे, म्हणजे लोकांना भयंकर होण्याची गरज राहणार नाही. युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. साताऱ्यातही बेबंद सूडापेक्षा पंचांची शिक्षा बरी असेच लोकांना वाटले होते. परंतु फ्रान्समध्ये क्रांतिकारकांच्या हाती जुन्या राज्याचे सारे यंत्र आयते आले होते. तुरुंग होते, दप्तरे होती, सैन्य होते, आणि शिरच्छेदाचे नवे यंत्रही होते. १७ सप्टेंबर १७९३ च्या कायद्याने नुसता संशयित असणे हे अटकेस पुरेसे कारण झाले. ५ एप्रिल १७९४ रोजी त्याच न्यायासनाच्या हुकुमावरून दांतोंचे मस्तक उडविले गेले. १० जून रोजी आणखी एक कायदा झाला. त्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि निकालाचे दोनच प्रकार ठेवले, सुटका किंवा मृत्यू. त्यानंतरच्या सुमारे सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेच्या वर माणसे वधस्तंभाकडे गेली.

यातील तारखा लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. परचक्राच्या भयाने हे कायदे करावे लागले अशी त्यांची सबब सांगितली जाते. पण १७९४ च्या उन्हाळ्यापर्यंत ते भय ओसरत चालले होते. २६ जून रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंच सैन्याने ऑस्ट्रियनांचा पराभव केला, आणि त्याच आठवड्यांत पॅरिसमधील वधांची संख्या शिगेस पोचलेली होती. म्हणजे संकटाबरोबर वाढलेली हिंसा संकटाबरोबर कमी होत नाही. ती चालविणारे एक खाते तयार झालेले असते आणि खात्यास काम लागते.

रशियात हे खाते अधिक काळ टिकले. चेका नावाची गुप्त पोलीस संस्था १९१७ च्या डिसेंबरमध्ये तात्पुरती म्हणून निघाली. नावे बदलत ती कायम राहिली. यादवी युद्ध कधीच संपले होते, तरी १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सोव्हिएत सरकारच्याच दप्तराप्रमाणे ६ लाख ८१ हजारांवर माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत हिंदी क्रांतिकारकही होते. १९२१ साली बर्लिनहून हिंदी देशभक्तांचे एक मंडळ मॉस्कोस गेले होते. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय त्यात होते, गुलाम अंबिया लोहानी होते, आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. चट्टोपाध्याय १९३७ मध्ये आणि लोहानी १९३८ मध्ये मारले गेले, ज्या राज्यास त्यांनी आपले मानले त्याच्याच हातून. खानखोजे तिकडे न राहता १९२४ मध्ये मेक्सिकोस गेले व मक्याच्या सुधारलेल्या वाणांवर संशोधन करून कीर्तीस चढले. एका माणसाने कोणत्या बंदरावर उतरावे यावर त्याचे आयुष्य किती अवलंबून असते!

साताऱ्यात हे असे का झाले नाही? तेथील माणसे फ्रेंचांहून किंवा रशियनांहून सात्त्विक होती म्हणून, असे म्हणणे सुखाचे आहे. पण त्यास आधार नाही. खरे कारण भाकरीत सापडते. प्रतिसरकारचा शिपाई ज्या गावात न्याय करी त्याच गावात रात्री जेवी. ज्याच्या भावास पत्री मारली त्याच्याच आळीतून पहाटे त्यास वाट काढावी लागे. एका घराने दार लावले तर उपवास, एका घराने खबर दिली तर फास. अशा सरकारला मर्यादेबाहेर क्रूर होणे परवडत नाही. फ्रान्सच्या समितीला पॅरिसमधील कोणा विधवेची भाकरी खावयाची नव्हती. हा लगाम दुबळेपणाचा होता हे उघड आहे, आणि तो प्रत्येक वेळी लागलाच असे मानण्याचेही कारण नाही. ज्या घराचा माणूस संशयावरून गेला त्या घराने गावापुढे तोंड उघडण्याचा संभव थोडाच. परंतु लगाम होता.

या साताऱ्याच्या सरकारचा खानदेशाशी एकदा फार जवळून संबंध आला. लढ्यास पैसा हवा होता. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे गावाजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडविण्यात आली आणि सुमारे साडेपाच लाख रुपये क्रांतिकारकांच्या हाती पडले. साताऱ्याचे जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी, आणि खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील व त्यांचे सहकारी यांनी मिळून ही मोहीम केली. उत्तमरावांच्या पत्नी लीलाताई याही त्या चळवळीतील नावाजलेल्या कार्यकर्त्या. साताऱ्याची माणसे इतक्या दूर येऊन, अनोळखी मुलखात हे धाडस करून परत जाऊ शकली, यावरून खानदेशातही आसरा देणारी घरे किती होती ते कळते. साने गुरुजींनी अमळनेरास आणि खेड्यापाड्यांत फिरून केलेली पेरणी वाया गेली नव्हती. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशनही लोकांच्या स्मरणात ताजे होते.

तरीही खानदेशात प्रतिसरकार उभे राहिले नाही. तापीकाठचा सपाट प्रदेश लपावयास सोयीचा नाही हे त्याचे एक कारण असेल. साताऱ्यात सत्यशोधक चळवळीने गावोगाव सावकारशाहीविरुद्ध लोकांना आधीच उभे केले होते, हेही असेल. पण त्याहून मोठा फरक कामाच्या स्वरूपात आहे. खजिना लुटावयास घटका दोन घटका पुरतात. सरकार चालवावयाचे तर रोज रात्री कोणाच्या तरी बांधाचा वाद ऐकत बसावे लागते आणि एकाला नाराज करूनच उठावे लागते. नव्या सरकारचे विरोधक अशा रीतीने घडत जातात. त्यांतले थोडेच इंग्रजांचे हस्तक असतात. बाकीचे निकाल विरुद्ध गेलेले शेजारी असतात. या दोहोंत निवड करता येणे, आणि दुसऱ्यांना पहिल्यांची शिक्षा न देणे, ही क्रांतिसरकारच्या हाती असलेली सर्वांत अवघड कामगिरी होय.

१९४४ मध्ये कारागृहातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. गुप्तता हीच त्यांना सदोष वाटत होती. प्रतिसरकारचे प्रमुख कार्यकर्ते त्यानंतरही १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. त्या वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले, वॉरंटे उठली, नाना पाटील लोकांसमोर आले, आणि प्रतिसरकार आपोआप विसर्जित झाले. मारणारे व मार खाणारे त्यानंतर त्याच गावांत राहिले. त्यांची शेते शेजारी होती आणि विहिरीही एकच होत्या.

नवे सरकार तुरुंगासकट आले होते. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये निजामाचे राज्य संपून अजिंठ्याच्या घाटाखाली व घाटावर एकच कायदा झाला. १९५० च्या फेब्रुवारीत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संमत झाला. त्याखाली चौकशीवाचून अटकेत असलेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवसही त्यांनी तुरुंगातच काढला होता. १९ मे १९५० रोजी न्यायालयाने त्यांची सुटका नाकारली. परंतु अटकेची कारणे न्यायासनापुढेही उघड करता येणार नाहीत असे सांगणारे त्या कायद्याचे १४ वे कलम मात्र रद्द केले. कानात सांगितलेली गोष्ट निदान न्यायाधीशाने तरी ऐकावी, एवढे त्या निकालाने ठरले. कुंडलच्या आणि वाळव्याच्या पंचांपुढे खबऱ्याचा प्रश्न येई तेव्हा नेमकी हीच सोय नव्हती.

नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ च्या निवडणुकीत ते साताऱ्याहून आणि १९६७ मध्ये बीडहून लोकसभेवर निवडून आले, आणि दोन्ही वेळा सरकारच्या विरोधी बाकांवर बसले.